याकोबभाऊंची जागल

"जागलीले गेला अन् झोपला म्हणते," माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं. "अन् याचा देव म्हणे झोपतच नाही."

दुसऱ्या कुणीतरी "चूप ना बे" म्हणून त्याला गप्प केलं. खड्ड्यात माती पडत होती. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चेहरा ओळखीचा निघाला असता आणि तासाभराने त्याच माणसाला मला चहा द्यावा लागला असता. पण ते वाक्य माझ्याशेजारी उभ्या असलेल्या मोठीआईनेही ऐकलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते सोडून दिलं. भंडाऱ्याहून आलेल्या चर्चच्या पाळकांनी शेवटच्या प्रार्थनेसाठी डोळे मिटायला सांगितले. सगळ्यांनी मिटले. मी किलकिल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं... तिचे उघडे होते.

याकोबभाऊ म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठीआई त्यांची बायको. मोहाडी तालुक्यात करडीला त्यांची धानाची शेती. लोंब्या भरल्या की रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, घुसतात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. म्हणून रात्री शेतावर राहून पीक राखावं लागतं, त्याला आमच्याकडे जागल म्हणतात. यंदा दिवाळीच्या सुमारास मोठेबाबा असेच जागलीला गेले, झोपडीत तणसाच्या पेंढ्यांवर जरा आडवे झाले, आणि त्यांना मण्यार चावली. झोपेत मण्यारीचा दंश कळतही नाही म्हणतात. सकाळी शेजारच्या बांधीतला माणूस काडीपेटी मागायला आला. त्याने दोन-तीन हाका मारल्या, मग पाय हलवून पाहिला. डुकरं त्या रात्री फिरकलीच नव्हती. धान जसंच्या तसं उभं होतं.

आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आजोबांबरोबर आला. ते तेल्याच्या घरात जन्मले, मिशनच्या दवाखान्यात मोठ्या दुखण्यातून वाचले, आणि बाप्तिस्मा घेऊन त्यांनी मुलांची नावं याकोब आणि योसेफ ठेवली. गावाने नावं लगेच उचलली, बाकीचं पचायला वेळ लागला. माझे वडील योसेफ नोकरीपायी भंडाऱ्याला गेले आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. मोठेबाबा करडीतच राहिले. रविवारी त्यांच्या पडवीत चार-पाच घरांची माणसं जमत. पाळक महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, एरवी मोठेबाबाच बोलायचे, आणि कुठूनही सुरुवात केली तरी ते यहुदी लोकांपाशी येऊन पोचायचे. इजिप्तच्या फारोने त्यांची पोरं नदीत बुडवली, बाबेलच्या राजाने त्यांना ओढून परक्या मुलखात नेलं, पुढे या देशातून त्या देशात त्यांना हाकलत राहिले... मग मोठेबाबा थांबायचे आणि विचारायचे, तो फारो कुठं आहे आज? तो राजा कुठं आहे? हे लोक मात्र आहेत. कारण त्यांच्या उशाशी बसलेल्याला डुलकी येत नाही. "देव त्याइची जागल करून राहिला," ते म्हणायचे. ज्यांनी अर्धं आयुष्य जागलीत काढलं होतं अशी माणसं समोर बसलेली असायची, त्यामुळे वेगळं काही समजावून सांगावं लागत नसे.

त्यांनी आयुष्यात एकही यहुदी पाहिला नव्हता. कॉलेजात असताना मी त्यांना सांगितलं की आपल्या कोकणातही यहुदी होते, मराठी बोलायचे, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मोठेबाबा खाटेवर ताठ उठून बसले.

"तेली?"

"हो, शनवार तेली."

"मंग आपलेच पाव्हणे हो ते!"

मी समजावायचा प्रयत्न केला की तेल काढायचे म्हणून ते नाव पडलं, जातीशी त्याचा संबंध नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या करडीला सांगून आले. किराणा दुकानदार त्यांना महिनाभर चिडवत होता, काय याकोबभाऊ, सासुरवाडीचे लोक कधी येऊन राहिले? मोठेबाबा म्हणायचे, येतील, तू साखर काढून ठेव. मोठीआई स्वयंपाकघरातून म्हणाली होती की पाव्हणे शनिवारी काम करत नाहीत तर याइलेही आता एक दिवस सुट्टी पाहिजे, नाही तरी बाकीचे सहा दिवस कुठं करते काम. ती तेव्हा हसायची. तिचं हसणं आधी खांद्यांत दिसायचं, ऐकू नंतर यायचं.

मला मात्र ती जागलीची गोष्ट शाळेपासून टोचत होती. युरोपात त्या लोकांना गाड्यांत भरून कसं नेलं आणि कसं मारलं, हे मी वाचलं होतं. मुलांच्या बुटांच्या ढिगाचा फोटो पाहिला होता. मी कुणाला प्रश्न विचारणाऱ्यांतली नाही, पण एका दुपारी बांधावर आम्ही दोघंच होतो, तेव्हा विचारलं, त्या वेळी जागलीवर कोण होतं? मोठेबाबा हातातली लोंबी चोळत राहिले. मग म्हणाले, जागल केली म्हणजे डुकरं येतच नाहीत असं कुठं असते... येते, खाते, तुडवते. पण पुढच्या साली पेरायला बियाणं उरलं तर जागल झाली म्हणायची. त्या लोकांचं बियाणं दर वेळी उरलं.

"आणि जे गेले ते?"

"त्याइचं मले नाही समजत, पोरी," ते म्हणाले. "विचारतो मी त्याले. सांगत नाही."

अलीकडे त्या यहुद्यांच्या देशातल्या लढाईच्या बातम्या ते शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहायचे. पडलेल्या घरांखालून दुसऱ्या बाजूची लेकरं काढताना पाहिली तेव्हापासून रविवारच्या प्रार्थनेत ते दोन्हीकडच्या लेकरांसाठी मागायला लागले.

मी आता नागपूरला असते, ते गेल्यावर तिथून जवळजवळ दर रविवारी करडीला जाते आहे. पडवीत माणसं अजून जमतात. बियाणाचं धान वेगळं काढून कोठीत भरलंय. मोठीआई सगळ्यांना सतरंजी घालते, पाणी देते, आणि प्रार्थना सुरू झाली की भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी समोर पाहत बसते. सगळ्यांच्या ते लक्षात आलंय. रात्रीही ती झोपत नाही. डोळा लागला की भेव वाटते म्हणते, तो असाच गेला. बसल्या बसल्या मान कलंडते आणि ती दचकून उठते, हाताने आजूबाजूची जमीन चाचपते.

गेल्या रविवारी माणसं निघून गेल्यावर तिने मला हाताला धरून जवळ बसवलं. ऊन पडवीत अर्ध्यापर्यंत आलं होतं. तिचे डोळे लाल झाले होते आणि पापण्या सुजल्या होत्या.

"तुले सगळं सांगायचा ना तो," ती म्हणाली. "मंग सांग मले. त्या लोकाइले राखलं म्हणते. माह्या माणसाले काहून नाही राखलं?"

बियाणाचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. त्यांचंच होतं ते, त्यांच्याच शब्दांत. पण त्या उत्तरात तुडवली गेलेली लोंबी म्हणजे आता मोठेबाबाच होते, आणि तिच्या तोंडाकडे पाहून ते मला म्हणवेना. पाळकांसारखं काही बोलणंही जमलं नसतं. करडीत मी आजवर मान हलवून किंवा शाळेतल्या नेटक्या मराठीत एखादं वाक्य बोलून सुटत आले होते. ती वाट पाहत होती... मी सतरंजीची घडी उलगडून सावलीत अंथरली, तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. तिने अंग ताठ धरलं होतं, डोळे उघडेच होते.

"मोठीआई, तू झोप जराशी," मी तिच्याच बोलीत म्हणाले. "मी जागी आहो."