झबल्याची लेस

आत्याला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी तिच्यासमोर बसून पोहे खात होते.

समोर म्हणजे स्क्रीनवर. ती नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये, एकटी. मी जर्मनीत. साल दोन हजार आठ.

दादाला बाळ होणार होतं. बारशाचं झबलं आत्यानं आणायचं, ही आमच्या घरची रीत. आणि आता आत्या मी.

"विकतची लेस लावलीस तर मी बारशाला येणार नाही, सांगून ठेवते," माझ्या आत्यानं बजावलं.

मला क्रोशाची सुई धरता येत नव्हती.

मग दर रविवारी, तिच्या दुपारच्या चहाच्या वेळी व्हिडिओ कॉल. साखळीचा टाका, खांबाचा टाका, परत साखळी.
"हात सैल सोड गं. दोरा काय पळून जातोय?"

नेट इतकं भिकार, की सुई आत जाताना दिसायची आणि नंतर थेट पूर्ण झालेला टाका. मधलं सगळं गायब.

शेवटी आम्ही नियम केला. चित्र अडकलं की मी "थांब" म्हणायचं. तिनं हात आहे तिथंच धरायचा. मी "दिसतंय" म्हटल्याशिवाय पुढचा टाका नाही.

त्या रविवारी गळ्याचं वळण शिकायचं होतं.
चित्र अडकलं. मी म्हटलं, "थांब."
ती थांबली.

जरा वेळानं म्हटलं, "दिसतंय गं, कर पुढे."
हात हलेना. मला वाटलं, परत नेट गेलं. मी शांतपणे पोहे संपवले. अक्कल गहाण ठेवल्यासारखी.

मग लक्ष गेलं. तिच्या मागे पंखा फिरत होता.

शेजारच्या वंदनावहिनींना फोन लावला. एंगेज. परत एंगेज. शेवटी लागला. त्या त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत येईपर्यंत मी नुसती स्क्रीनला हात लावून "आत्या, आत्या" करत होते. दुसरं काय करणार होते? ती माझ्याकडेच बघत होती.

तिसऱ्या दिवशी गेली. मी पोचायच्या आधी.

बारशाला मी विकतचीच लेस लावली. वळण मला आलंच नाही.
आणि आत्यानं शब्द पाळला. आली नाही.

तिच्या हातातली लेस वंदनावहिनींनी मला दिली. सुई अर्ध्या खांबात तशीच. किती जणी म्हणाल्या, दे, पूर्ण करून देते. माझा जीवच होत नाही. हा गिल्ट कुठे ठेवू, तेही कळत नाही.

आज ती गेल्याचा दिवस.

आत्या, दिसतंय गं मला.
सुई खाली ठेव आता.