बाहेरची दुसरी

हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. सांगायचं टाळत म्हातारा झालो. मागच्या महिन्यात गावाने माझा सत्कार केला. भाषण करणारा तरुण म्हणाला, गुरुजींनी सगळ्यांना सारखं शिकवलं. मी मान हलवली, शाल घेतली. म्हणून आता लिहितो.

सारखं? ऐका तर मग.

इंग्रजांच्या अमलात मी रिसोडच्या बाजूच्या एका गावी मास्तर होतो. गावाचं नाव लिहीत नाही — बोल शाळेला लागायला नको, मला लागावा. वर्ग आत भरायचे. महारवाड्यातली मुलं ओसरीवर बसायची. तिथून फळा दिसत नसे, ऐकू मात्र सगळं येई. त्या मुलांची पाटी मी हातात घेत नसे. मुलाने ती उंबऱ्याशी ठेवायची, मागे सरायचं, मी वाकून बघायचं आणि सांगायचं — बरोबर, नाहीतर चूक. आतल्या मुलांना मी चूक दुरुस्त करून देई. बाहेरच्यांना नुसता शब्द. वर्षं जात, मुलं उंच होत, पण वर्ग दुसरीच. गावात तिला 'बाहेरची दुसरी' म्हणत. जणू तोही सरकारने काढलेला एक वर्ग होता!

ओसरीचा विषय निघाला की, काळच तसा होता, असं माझा मुलगा म्हणतो. काळ उंबऱ्याशी वाकून पाट्या बघत नव्हता. मी बघत होतो.

त्या ओसरीवर किसन होता. सव्वाकी, दिडकी, अडीचकी — हे अपूर्णांकांचे पाढे आतली मुलं घोकायची आणि बाहेर बसल्या बसल्या त्याची पाठ व्हायची. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

वार्षिक परीक्षेला शाळा तपासणारे डिप्टी साहेब आले. म्हणाले, बाहेरचा कोणी तिसरीत चढण्याजोगा असेल तर सांगा, वाशीमला वसतिगृहात त्याची सोय होईल. मग त्यांनी तिसरीला हिशेब घातला. एका पोत्यात पावणेतीन मण तूर, तर अठरा पोत्यांत किती? आत पाटलाचा मुलगा चुकला. बाकीचेही चुकले. साहेब म्हणाले, बाहेरच्यांचं बघा.

मी उंबऱ्याशी गेलो. किसनच्या पाटीवर लिहिलं होतं — साडेएकोणपन्नास मण.

काय करायला हवं होतं मी? पाटी उचलायची, साहेबांपुढे धरायची. एवढंच ना? पण पाटी उचलणार कोण? मी उचलणार नव्हतो. साहेब खुर्चीतून उठणार नव्हते. त्या पाटीवर काय आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. आणि आतल्या सगळ्यांच्या वर हा एकटा — ते मला सोसलं नाही. पाटलाने मला काही सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "चूक."

किसनने माझ्याकडे पाहिलं. पाटी कोपराने पुसली, पुन्हा मांडली. पुन्हा तेच उत्तर. मी पुन्हा म्हणालो, चूक. मग तो बराच वेळ पाटीकडे बघत बसला आणि त्याने भलतंच काहीतरी लिहिलं. हेही चूक, मी म्हणालो. या वेळी मी खरं बोलत होतो.

"राहू द्या दुसरीत," साहेब आतूनच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. शाळेच्या अंगणात लांब उभी राहिली, पण आवाज पार रस्त्यापर्यंत.

"मास्तर, पोट्टं म्हन्ते बरोबर होतं. मंग चूक काहून म्हनलं तुमी? गनित चुकलं का तुमची जीभ चुकली, थे सांगा!"

रस्त्यावरून ढोरं नेणारा एक शेतकरी हसला. "जाय माय घरी. पोट्टं काय कलेक्टर होऊन राह्यलं?"

"होईन नाही त काय! तुह्या ढोराइमागं त नाही जाईन!"

मी म्हणालो, "बाई, गणित चुकलं." भरदिवसा, चारचौघांत, तिच्या तोंडावर.

किसन शाळेत आला नाही. त्याच शेतकऱ्याची ढोरं राखायला गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तो ओसरीवर दोर वळत होता. गडबडून उठला, घोंगडी अंथरली. बोलता बोलता मुलीचा विषय निघाला.

"पोरीले शाळेत घातलं, मास्तर. वाचते मस्त. पन गनितात ढ. मी तिले सांगतलं, बाई, आपल्या घरात गनित नाहीच. माहं नाही का चुकलं साहेबासमोर? याद हाये न तुमाले?"

आणि तो हसला. माझ्यावर त्याचा विश्वास होता. आईचा बसला नव्हता, त्याचा बसला होता.

त्याच्या बायकोने लोटाभर पाणी आणलं आणि घुटमळली. मी हात पुढे केला, ते सगळ्यांदेखत प्यालो. आणि खरं सांगू? मला माझाच अभिमान वाटला. वाटलं, फेडलं. पाणी पिऊन काय फिटतं? ती मुलगी तिथेच दाराशी बसून ऐकत होती. तिला तरी सांगायचं होतं — तुझा बाप चुकला नव्हता, मी खोटं बोललो.

किसन आता नाही. त्या दिवशी त्याच्या ओसरीवर मी मिशा पुसल्या, "येईल पोरीला गणित हळूहळू" म्हणालो आणि उठलो.