आधी वासराला

रामनगरजवळच्या त्या वाडीत बायजाक्काच्या घरचा खरवस कुणी पोटभर खाल्लाय, असं कधी झालं नाही. गाय व्याली की शेजारणी पहिल्या घट्ट दुधासाठी, चिकासाठी, तांब्या घेऊन यायच्या आणि बायजाक्का गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "चीक पाहिजे व्हय? आधी वासराला! त्याचं पोट टच्च भरू दे, उरलं तर तुमचं." लोक तिला चिक्कू म्हणायचे. म्हणोत बापडे! पण कुणाची गाय अडली की तेच लोक धावत तिच्या दारात यायचे, कारण तिच्या हाताखालचं वासरू सहसा दगावत नसे.

तिच्या स्वतःच्या बाबतीत मात्र नशीब आडवं आलं होतं. पहिला मुलगा पाचवी पुजायच्या आतच गेला. त्यानंतर किती नवससायास झाले, तेव्हा कुठं तुळजा झाली.

तीच तुळजा आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यात मुलगी झाली, नाकीडोळी नीटस. कविता नर्सबाईंनी बाळ लगेच तुळजाच्या छातीशी दिलं आणि बजावलं, "हे पिवळं घट्ट दूध थेंबभर येईल, पण थेंबसुद्धा वाया घालवू नका. बाळाची सगळी ताकद त्यातच आहे." बायजाक्कानं मान डोलावली. अहो, कसली मान नि कसलं काय! नर्सबाईंसमोर 'व्हय बाई' आणि घरचा उंबरा ओलांडला की 'न्हाई बाई'. दुसऱ्या दिवशी घरी आल्याआल्या तिनं तुळजाच्या हातात वाटी दिली.

"ते पिवळं नासकं असतंय. पिळून टाक. पांढरं दूध उतरंस्तवर मधाचं बोट पुरे. आपली रीत हाय ती."

"पण नर्सबाई म्हणाल्या…"

"नर्सबाईला किती पोरं झाली? गप पीळ."

तुळजा पडली पहिलटकरीण, आईपुढं काय बोलणार? तिनं ओठ दाबून पिळलं. बायजाक्कानं वाटी नेऊन परसातल्या फणसाच्या बुडाशी ओतली.

पोर रात्री रडरड रडली आणि सकाळी रडायची थांबली. बायजाक्का खूश. "बघ, मध कसा लागू पडला!"

दुपारी तांबू गाय व्याली. बातमीला काय, पाय असतात. शेजारची सुशीला तांब्या घेऊन हजर! आधी ती बाळंतिणीच्या खोलीत डोकावली. "किती गुणाची गं पोर! हूं न्हाई का चूं न्हाई." मग गोठ्याच्या दारात येऊन लाडीगोडीनं म्हणाली, "बायजाक्का, थोडा चीक देतीस का? यंदा तरी?"

झालं! बायजाक्काचं चऱ्हाट सुरू झालं. "आधी वासराला! चीक पोटात गेला न्हाई तर वासरू उभं ऱ्हाईल का? आणि एक ध्यानात ठेव सुशी, वरडणाऱ्या वासराचं भ्या न्हाई. गप पडलंय त्याचं भ्या. गप वासरू म्हंजे उपाशी वासरू!"

गोठा आणि खोली यांच्यामध्ये एक कुडाची भिंत. त्या भिंतीपलीकडून हाक आली.

"आई."

"काय गं?"

"माझीबी गप हाय."

बायजाक्काच्या हातातला पेंढा खाली पडला.

"आणि तिचा चीक तू फणसाला घातलास," तुळजा म्हणाली.

अगं बाई गं! जन्मभर जी बाई वासराच्या चिकासाठी गावाशी भांडली, तिनं स्वतःच्या नातीच्या तोंडचा चीक मातीत ओतला? अक्कल काय चरायला गेली होती? सगळं बोलणं तिचंच, रोजचं, पाठ झालेलं. आणि घरात कुणाला लागू केलं नाही ते नाहीच.

ती धावत आत गेली. पोरीचा हात उचलला, तो चिंधीसारखा खाली पडला. ओठ कोरडे पडले होते.

"सुशी, नर्सबाईला फोन लाव! लवकर!"

फोनवर नर्सबाई कडाडल्या. "मध बंद करा आधी! कपडे काढून बाळ आईच्या उघड्या छातीला लावा, तळवे चोळा, दुधाचे थेंब ओठावर पिळा. मी गाडी घेऊन निघाले, दवाखान्यात न्यायचंय."

तुळजा रडत रडत पोरीचं डोकं छातीवर दाबू लागली. पोर तोंडच उघडेना.

"ढकलू नको," बायजाक्का म्हणाली. "डोकं ढकललं की वासरू मागं सरतंय. नाक लागू दे, वास घेऊ दे. तोंड मोठ्ठं उघडलं की मग जवळ घे."

ओठावर पिवळा थेंब पडला. काही नाही. बायजाक्का तळवे चोळत होती आणि देवाला हाका मारत होती. दुसरा थेंब पडला. तोही ओघळून गेला. तिसऱ्या थेंबाला इवलीशी जीभ बाहेर आली. पोरीनं तो चाटला, तोंड वासलं, हनुवटी टेकली आणि गटकन आवाज झाला. मग आणखी एक घोट गेला.

सुशीलानं हात जोडले. रस्त्यावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. बायजाक्का मात्र भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हुंदके देऊ लागली.

"आता कशाला रडतीस?" सुशीला म्हणाली. "प्यायली की नात!"

"नातीसाठी न्हाई गं." बायजाक्कानं पदर काढला. "माझा पहिला. त्योबी असाच गप पडला हुता. सासू म्हणाली, कसं गुणाचं लेकरू. वाटी मी माझ्या हातानं वतली, ह्याच फणसाला. तवा ह्यो एवढंसं रोप हुता."

"आई, त्यानंच गेला असं कोण सांगणार?" तुळजा कशीबशी म्हणाली.

"कोण सांगणार," बायजाक्का म्हणाली. "गावाची वासरं जगवली गं मी. माझ्या वासराला, आधी तू पी, असं कुणी म्हणालंच न्हाई."