दोह्यात तीन दिवस आणि मी खोडलेलं पुणं

कतारला जायचं ठरलं त्याला कारण फुटबॉल नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजूनही कळत नाही. माझा धाकटा भाऊ बाळू तिथं वर्ल्डकपच्या स्टेडियमात एसीच्या पाइपांचं काम करत होता. सहा वर्षांत दोनदा गावी आलेला. स्पर्धा झाली की कंत्राट खलास, असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा म्हटलं, आता नाही गेले तर कधी जाणार? तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर तीस वर्षं काढून मी नुकतीच रिटायर झाले होते. हातात वेळ होता आणि तोंडात सल्ले.

निघायच्या आदल्या दिवशी बाळूची पोरगी ऋतुजा कॉलेजांची यादी घेऊन आली. ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंतीक्रमानं नावं भरायची असतात. मार्क चांगले होते तिला. पण आमच्या समाजाचं आरक्षण आदल्याच वर्षी कोर्टात रद्द झालेलं, आणि आर्थिक दुर्बलांचा दाखला काढावा तर बापाचा कतारचा पगार आडवा येणार. म्हणजे सगळं ओपनमधून. मी लाल पेन काढला, पुण्याबिण्याची सगळी नावं खोडली आणि जिल्ह्यातली दोन कॉलेजं ठेवली. "उगाच नंबर लागला नाही की रडत बसशील," म्हटलं. ती "बरं, आत्या" म्हणाली. पोरगी किती समजूतदार आहे, हे मी गल्लीभर सांगून आले.

मुंबईहून दोहा चार तासांच्या आत. व्हिसा विमानतळावर मिळतो, पण हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, ते विसरू नका. मी अल हिलाल नावाच्या भागात हॉटेल घेतलं, कारण तिथं आमच्या गावची वैशाली राहते. नवरा गॅस कंपनीत. तिच्या मुलीला मी प्रेमानं विचारलं, "पोहे खाणार का गं?" ती म्हणाली, "मेबी लेटर." तिला सगळं मराठी समजतं म्हणे. पोह्यांचं समजलं नसावं.

दुसऱ्या दिवशी बाळू शिफ्ट संपवून संध्याकाळी भेटला. वाळला होता, आणि मिशीत पांढरं दिसत होतं. मला भरून आलं, म्हणून मी त्याला दाढीवरून बोलले. मेट्रोचं तिकीट दोन रियाल, म्हणजे आपले पंचेचाळीस-एक रुपये, आणि डबा इतका गार की शाल न्याच. सगळं शहर तेव्हा पाहुण्यांची वाट बघत होतं. अर्धे फुटपाथ उकरलेले, उरलेल्या अर्ध्यांवर कुंड्या.

स्टेडियम बाहेरूनच बघितलं. "त्या भिंतीमागचे पाइप माझे," बाळू म्हणाला. "मैदानावर गार वारं सोडतेत."

"वर छप्पर?"

"मधी उघडंच हाय."

उघड्या मैदानाला एसी. आमच्या ऑफिसातल्या पंख्यासाठी मी तीन अर्ज केले होते.

"तिकीट मिळालं का तुला?" मी विचारलं.

"लॉटरी होती. म्या फायनलचं भरलं." खोलीवरचे सगळे त्याला हसले होते म्हणे. "फायनल नाही लागली. पण खाली दुसऱ्या मॅची पण भरल्या होत्या, त्यातली एक लागली. हसणाऱ्यांनी भरलंच नव्हतं, ते आता माझ्यासंगं नीट बोलत नाहीत."

मीही हसले. तेव्हा काही टोचलं नाही.

तिसरा दिवस शुक्रवार, त्याच्या सुट्टीचा. शुक्रवारी मेट्रो दुपारी दोनपर्यंत बंद असते, मला कुणी सांगितलं नव्हतं. टॅक्सीनं इंडस्ट्रियल एरियाकडे गेले. बाळू बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहतो. खोलीवर बायकांना सोडत नाहीत, म्हणून आम्ही जवळच्या मल्याळी हॉटेलात बसलो. करक चहा दीड रियालला. वेलचीचा, गोड, आपल्या चहाच्या तोडीस तोड.

दुसरा कप आला आणि ऋतुजाचा व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, फॉर्म कन्फर्म करायचाय. ओटीपी तुमच्या नंबरवर येतो. आला का?"

"आला. आधी यादी दाखव की."

तिनं स्क्रीन दाखवली. दोन ओळी. बाळूनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"पुणं कुठाय?"

पोरगी म्हणाली, "आत्यानं खोडलं."

मी चहात बघत राहिले.

"अक्का?"

मी खिडकीवरचा आवाज काढला. ओपनचा कट-ऑफ सांगितला, आरक्षण गेल्याचं सांगितलं. म्हटलं, "अरे, त्या वर्षापासून आपली पोरं पुण्याचं विचारायलासुद्धा येत नाहीत."

"का येत नाहीत?" बाळूनं विचारलं.

मला लगेच उत्तर सुचलं आणि ते आवडलं नाही. पहिल्या दहा-बाराजणांना मीच खिडकीतून "आता कशाला भरता" म्हणून सांगितलं होतं. पुढची त्यांचं ऐकून आलीच नाहीत. कोर्टानं जागा काढल्या होत्या, फॉर्म भरायला मनाई केली नव्हती. ती मी केली. तेही भल्यासाठी, चष्मा पुसत.

"भरलं आन् नाही लागलं, तर म्या समजून घेतो," बाळू म्हणाला. "भरलंच नाही तर कुणाला इचारू?" मग पोरीला म्हणाला, "आधी होतं तसं सगळं भर. निवांत भर, पाच वाजेपर्यंत हाय ना? आत्ता कुठं दोन वाजलेत."

मी मनगटाकडे पाहिलं. हातातलं घड्याळ मी मुंबईपासून बदललंच नव्हतं.

"बाळू, तिकडं साडेचार झाले."

त्यानंतर त्या हॉटेलात जो गोंधळ झाला तो सांगायला नको. ऋतुजाला कॉलेजांचे कोड सापडेनात. ते मला तोंडपाठ होते. तीस वर्षांत प्रथमच मी ते पोरांना पुढं पाठवण्यासाठी म्हटले, एकेक आकडा, मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरचा बिहारी ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला, अम्मा, जल्दी." चार त्रेपन्नला बाळूनं नवा ओटीपी वाचून दाखवला. कन्फर्म झाल्यावर हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. त्याला वाटलं, आम्हाला फायनलचं तिकीट मिळालं.

गावी परतून आठवडा झालाय. खर्च कुणी विचारला तर सांगते, स्वस्तात होतं, फक्त शाल न्या. खजूर वाटून झाले. मी ज्यांना परत पाठवलं त्यांतल्या एकीची आई बाजारात भेटली. तिच्याशी बोलताना मला नीट वर बघता आलं नाही.

काल यादी लागली. पुण्याची पहिली दोन्ही कॉलेजं ऋतुजाला मिळाली नाहीत, थोडक्यात हुकली. तिसरं मिळालं, कराडचं सरकारी. तिनं स्क्रीनशॉट पाठवला, खाली नुसतं "आत्या" लिहिलेलं.

मी कपाटातून तिची ती कागदाची यादी काढली. जिल्ह्यातली दोन कॉलेजं, मी ठेवलेली, आठव्या आणि नवव्या नंबरावर होती. कराड तिसरं होतं, आणि त्याच्यावर लाल रेघ मी दोनदा मारली होती.