जेवला तो वर्षभर तात्यांचा

चांगल्या नोकरीतून माणसाला पेन्शन मिळते आणि वाईट नोकरीतून किस्से! पेन्शन महिनाअखेरीस संपते. किस्से काही संपत नाहीत, उलट दरवर्षी वाढतातच.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी जळगावच्या एका ऑइल मिलमध्ये कारकून होतो. सुटलो एकदाचा! पण तिथले जुने लोक अजून भेटले की चहा निवून जातो आणि "तात्यांचं ते आठवतं का?" सुरू होतं. आता आम्ही पोट धरून हसतो. तेव्हा मात्र रडकुंडीला यायचो, हे आधीच सांगून ठेवतो.

तात्या म्हणजे मालक. पहूरकडची मोठी शेती सोडून शहरात आले, मिल काढली, पण येताना शेतावरची रीत बरोबर घेऊन आले. आमच्या खानदेशात सालदार ठेवतात तो आखाजी ते आखाजी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी साल संपतं, गडी मोकळा होतो, आणि पुढं राहायचं की नाही ते तिथंच ठरतं. तात्यांनी हाच कायदा मिलला लावला आणि वर स्वतःचं एक कलम जोडलं. आखाजीला त्यांच्या घरी सगळ्यांना पंगत. खापरावर भाजलेले परातीएवढे मांडे, वर आमरस. या पंगतीला जो जेवला, त्यानं पुढच्या आखाजीपर्यंत नोकरी सोडायची नाही!

हे कुठल्या कायद्यात बसत होतं, विचारू नका. पण ज्याच्या घरी पोटभर जेवलो त्याला मधेच सोडून जायचं, हे आमच्यापैकी कुणाच्याच जिवाला पटत नसे. तात्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

माझी मुलाखतही अशीच झाली. मी धुळ्याहून आलो होतो, नेमका आखाजीला. पिशवीतून टायपिंगचं सर्टिफिकेट काढायला लागलो, तर तात्या म्हणाले, "ते राहू दे. हात धू!"

मी जेवलो. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये गेलो तेव्हा कळलं, तिथं टाइपरायटरच नव्हता.

*

या सापळ्यात सगळ्यात वाईट अडकला होता तो आमचा फिटर निंबा. इंजिन तो सांभाळायचा. इंजिनापासून घाण्यांपर्यंत एक लांबलचक चामडी पट्टा फिरायचा, त्याला ना जाळी, ना कठडा. एका पावसाळ्यात त्या पट्ट्यानं निंबाची बाही ओढली. नशीब सदरा जुना होता, बाही फाटून गेली आणि हात वाचला.

तात्या धावत आले आणि म्हणाले, "पट्टा तुटला नाही ना?"

हे निंबाच्या बायकोला, द्वारकाबाईला कळलं तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. तिनं निंबाला वरणगावच्या सरकारी कारखान्यात नोकरीसाठी खटपट करायला लावली. पण आखाजी आली की निंबा पंगतीला बसायचाच. मांडे दिसले की त्या माणसाचा इलाज चालत नसे. आम्ही रागावलो की म्हणायचा, "काय करू भाऊ? वास येतो!"

*

आता पंख्याचं ऐका. जळगावचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. ऑफिसात एकच टेबल फॅन, आणि त्याचं तोंड कायम तात्यांकडे. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घ्यायचो.

एकदा सरकारी इन्स्पेक्टर येणार म्हणून निरोप आला. तात्यांनी घाईघाईनं फॅन आमच्या टेबलाकडे फिरवला. इन्स्पेक्टर खुर्चीवर टेकले, तात्यांनी हसत बटण दाबलं, आणि आमच्या टेबलावरचा एकूण एक कागद उडाला! काही साहेबांच्या मांडीवर, काही थेट तेलाच्या पिंपात. आमच्याकडे पेपरवेट कुठला? कधी लागलाच नव्हता.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कागदांवर काही वजन ठेवत नाही का तुम्ही?"

काट्यावर माल तोलणारे आमचे नाना दारातच उभे होते. ते अगदी गरिबासारखे आमच्या अहिराणीत म्हणाले (उनं म्हणजे आलं), "साहेब, वारं आजच उनं!"

*

मिलचा भोंगा हा तर स्वतंत्र विषय. तात्यांच्या हुकमानं तो सकाळी जरा लवकर वाजायचा आणि संध्याकाळी बराच उशिरा. मधला वेळ फुकट! तक्रार केली की तात्या म्हणत, "मिलचं घड्याळ वेगळं असतं."

पण आसपासची सगळी वस्ती त्या भोंग्यावर चालायची, त्यात तात्यांचं घरही आलं. एका संध्याकाळी त्यांचे जावई भोंगा ऐकून आरामात उठले, टांग्यात बसले, आणि स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी भुसावळला लागली असावी.

तात्या लालबुंद होऊन इंजिनखोलीत आले. "निंबा! भोंगा उशिरा का वाजवला?"

"तुम्हीच सांगितलं ना तात्या. रोजच उशिरा वाजवतो."

"अरे, जावई जाणार असल्यावर खरा वाजवायचा!"

*

हिवाळ्यात तात्या आम्हाला शेतावर भरीत पार्टीला न्यायचे. ऐकायला किती छान वाटतं! प्रत्यक्षात वांगी आम्ही तोडायची, कपाशीच्या काड्यांवर आम्ही भाजायची, लाकडी बडगीत आम्ही ठेचायची, आणि जेवायचे तात्यांचे व्यापारी पाहुणे. वर तो दिवस आमची सुट्टी म्हणून धरायचा आणि त्या बदल्यात रविवारी कामावर यायचं.

एका वर्षी मिरच्या ठेचायला निंबा बसला. त्यानं काय हात सोडला होता देव जाणे! धुळ्याचे एक जाडजूड व्यापारी पहिल्याच घासाला उठले आणि विहिरीकडे पळाले. त्यांच्या मागोमाग बाकीचे. सगळी पंगत विहिरीवर!

"कोणी केलं हे भरीत?" तात्या ओरडले.

निंबा शांतपणे हात पुसत म्हणाला, "कोणीच नाही तात्या. आज सगळ्यांना सुट्टी आहे."

*

एक माझा स्वतःचा. धुळ्याला तात्यांचा ढेपेचा, म्हणजे गुरांच्या पेंडीचा, छोटा डेपो होता. पत्र्याची शेड, जनावरांच्या माश्या, बोलायला माणूस नाही. कुणी उलट बोललं की तात्या त्याला शिक्षा म्हणून तिकडे धाडायचे. मी पहिल्यांदा उलट बोललो आणि धुळ्याला गेलो.

आता माझं घरच धुळ्यात! दिवसभर माश्या मारायच्या आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवायचं. परत आलो आणि आईची आठवण आली की तात्यांना उलट बोलायला लागलो. त्यांना वाटे, पोरगा फार बिघडला. मला वाटे, तात्या फार चांगले आहेत.

घात केला आईनं. तिनं तात्यांना कुरडया-पापडांचा डबा पाठवला, आणि वर निरोप, "लेकराला सारखं घरी पाठवता, देवमाणूस आहात!"

तात्यांनी पापड ठेवून घेतले आणि मला बोलावलं. म्हणाले, "धुळेकर, आजपासून तुमची शिक्षा जळगाव."

*

आणि मग ती आखाजी आली.

निंबाला वरणगावहून बोलावणं आलं होतं. आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. द्वारकाबाईनं त्याला तात्यांच्या घराच्या फाटकापर्यंत आणून सोडलं आणि आमच्यादेखत बजावलं, "एक घास बी खावाना नही!"

निंबा पंगतीला आला, पण पानावर बसला नाही. "उपास आहे," म्हणाला. आखाजीला उपास! समोरून मांडे जात होते, आमरसाचं पातेलं जात होतं, आणि निंबा डोळे मिटून भिंतीला टेकला होता. मला त्याच्याकडे बघवेना. नाना तर त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसले.

तात्यांनी मोठा डबा भरला, वर आमरसाचा तांब्या ठेवला आणि गड्याच्या हाती निंबाच्या घरी पाठवून दिला. थोड्या वेळानं गडी परत आला. डबा घासूनपुसून रिकामा!

"कोणी खाल्लं?"

"बाईंनी. एकट्यांनीच. माझ्यासमोर बसून."

तात्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "बायको जेवली म्हणजे घर जेवलं. निंबा, उद्या भोंग्याला ये."

निंबा तसाच घराकडे निघाला. आम्हाला पुढचा आमरस जाईना. द्वारकाबाईसारख्या बाईनं असं करावं? नाना तर रागानं हात न धुताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजलाच नाही. निंबा आला नव्हता. तो पहाटेच्या पॅसेंजरनं निघून गेला, असं कुणीतरी सांगितलं. तात्या फाटकात उभे राहून त्याच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात समोरून द्वारकाबाई आली. पदर कमरेला खोचलेला, हातात भाकरीचं फडकं.

"मांडा मी खादात तात्या," ती म्हणाली, "कामले बी मीच उनू."

तात्यांना आधी हसूच आलं. तोवर ती त्यांच्या शेजारून आत शिरली. आम्ही सगळे मागोमाग. इंजिनखोलीतल्या मदतनिसाला तिनं सांगितलं, "चालू कर." त्या बिचाऱ्यानं मालक मागं उभे बघितले आणि केलं चालू! पट्टा आधी सावकाश आणि मग सणसणत फिरायला लागला.

"फिटर कोठे उभा ऱ्हास?" तिनं विचारलं. मदतनिसानं बोट दाखवलं. ती सरळ तिकडे चालू लागली.

"अहो बाई!" तात्या किंचाळले. "थांबा! त्या पट्ट्याजवळ जाऊ नका! ओढून घेईल तो, जीव जाईल!"

मदतनिसानं झटकन इंजिन बंद केलं. पट्टा फडफडत थांबला. पोती उचलणारे, घाण्यांवरचे, काट्यावरचे नाना, सगळे तात्यांकडे बघत उभे.

द्वारकाबाईनं खोचलेला पदर सोडला आणि नीट डोक्यावर घेतला.

"आते बठ्ठास्नी आयकं, तात्या, पट्टा जीव लेस ते तुम्हीच सांगं," ती सगळ्यांवरून हात फिरवत म्हणाली. "येस मी!" आणि ती फाटकाकडे चालू लागली.