गच्चीवरचा निळा कुर्ता

समोरच्या गच्चीवर शेजारणीने लेकीच्या हाती ओल्या कपड्यांची बादली दिली. "आजपासून हे काम तुझं. दमले गं मी." तरी आईचे पाऊल जिन्याकडे वळेना. लेकीने निळा कुर्ता सुलटाच दोरीवर टाकला. रंग विटू नये म्हणून आईने तो ओढून उलटा केला.

"आई, तूच वाळत घाल मग सगळे! मी चालले खाली."

ओल्या बाहीवर आईचा हात थबकला. काम सोपवता येते. रीत मात्र बोटांना हळदीसारखी चिकटून राहते.

"बरं बाई, घाल तुझ्या मनासारखं," म्हणत ती कठड्याला टेकून बसली. कुर्ता पुन्हा सुलटा झाला. ऊन कडक होते. निळाई थोडी विटणार, हे तिला ठाऊक होते. तिने डोळे मिटून घेतले.