भरतीमापकाची जाळी आणि माझ्या सात नकला

१९९८, दसऱ्यानंतर: अरबी समुद्रातील एका लहान बेटाच्या जेटीवर भरतीमापक यंत्र बसविले. जबाबदार: आराखड्यावर सही करणारा तपासनीस.

१९९९, होळीच्या आगेमागे: यंत्र चुकते आहे अशी लेखी तक्रार आली व फेटाळली गेली. जबाबदार: तोच तपासनीस.

त्याच वर्षी, पावसाळ्यापूर्वीची एक अमावास्या: त्या बेटाची होडी प्रवाळाच्या खडकावर फुटली. जबाबदार: यंत्राचे निरीक्षक कोया मास्तर, असे सात कार्यालयांना लेखी कळविणारा तपासनीस.

त्यापुढील पावसाळा: मास्तरांना निरीक्षकपदावरून दूर केले. जबाबदार: एक सरकारी कार्यालय. त्याचे नाव येथे लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

वरील तपासनीस म्हणजे मी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. पाटबंधारे खात्यात पंचगंगेची पाणीपातळी मोजण्यात माझी सारी नोकरी गेली. वकिलीची दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गात पूर्ण केली, तिसऱ्या वर्षी परीक्षेला बसलो नाही. मात्र त्या दोन वर्षांत ‘उक्त’, ‘सबब’ आणि ‘अन्यथा’ हे तीन शब्द हाती लागले आणि पुढे माझ्या पत्रांना काही धरबंध राहिला नाही. निवृत्तीनंतर उद्यमनगरातील मल्लाप्पा अण्णांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागलो. समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या गावात भरतीमापक का बनावे, असे कोणी विचारील. लोखंड ओतणे आणि कातणे आमच्याकडे चांगले होते, एवढेच उत्तर आहे. समुद्र आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हता.

यंत्र साधे असते. जेटीला एक उभा नळ बांधतात. नळाच्या तळाशी लहान भोक असते. त्यातून पाणी सावकाश आत-बाहेर होते, त्यामुळे लाटांची उसळी आत पोचत नाही, भरती-ओहोटी मात्र पोचते. आत एक तरंगता डबा, त्याला तार, आणि तारेच्या टोकाशी एक लेखणी. लेखणी फिरत्या कागदावर रेघ काढते. रेघ वर गेली की भरती, खाली आली की ओहोटी. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे आणि होड्यांना जायला त्यात एकच खिंड. खिंडीत पाणी किती, हे निरीक्षकाने यंत्रावरून पाहून जेटीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचे आणि होडीवाल्यांनी ते वाचून निघायचे, अशी व्यवस्था होती.

पंचगंगेच्या अनुभवावरून मी त्या भोकावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी सुचविली. आमचे टर्नर कांबळे कामाला पक्के आणि बोलायला सरळ. त्यांनी जाळी हातात फिरवून पाहिली.

“सायेब, ही कशाला हाय?”

“गाळ आणि जलपर्णी अडवायला.”

“समुद्रात जलपर्णी असती व्हय?”

“पाणी म्हटले की ती आलीच.”

“मग तांब्याची तरी करूया की. तांब्याच्या घागरीला शेवाळ धरत न्हाय.”

“कांबळे, आराखड्यात स्टील लिहिले आहे.”

“आराखडा तुमीच लिवलाय न्हवं?”

हे खरे होते. म्हणूनच तो बदलणे मला प्रशस्त वाटले नाही.

देखभालीच्या करारानुसार बेटावरचे कागद आधी कोल्हापुरास येत. मी तपासून ते वर सांगितलेल्या सरकारी कार्यालयाकडे पाठवीत असे. पहिल्या महिन्यांत रेघेला चांगले उंचवटे होते. पुढे ती सपाट आणि गुळगुळीत होत गेली. दिवाळीनंतरची पंचगंगा अशीच संथ असते. जुनी ओळख पटल्यासारखे वाटून मी शेरा लिहिला: ‘यंत्र स्थिरावले. नोंद उत्तम.’ हा शेरा माझ्याच अक्षरात आहे आणि त्याची प्रत मी जपून ठेवली आहे.

तेवढ्यात कोया मास्तरांचे पत्र आले. आमची पत्रे हिंदीत होत, येथे मराठीत देतो. ते तेथील शाळेतील निवृत्त शिक्षक. त्यांनी लिहिले होते की ओहोटीला खिंडीतले खडक डोळ्यांना दिसतात, तरी यंत्र कमरेइतके पाणी दाखवते. म्हणून जेटीच्या पायरीशी त्यांनी खुणा केलेली एक काठी रोवली आहे आणि फळ्यावर यंत्राच्या आकड्याशेजारी काठीचाही आकडा ते लिहितात. होडीवाले काठीचाच आकडा पाहतात.

मला हा अपमान वाटला. मी उत्तर लिहिले: ‘उक्त काठीस कोणतीही अधिकृत मान्यता नाही. सबब फळ्यावर केवळ यंत्राचाच आकडा लिहावा. अन्यथा आपल्या नियुक्तीबाबत फेरविचार करणे भाग पडेल.’ कार्यालयाने माझी ही सूचना उचलून आदेश काढला. मास्तर शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी काठी उपटली.

अमावास्येची ओहोटी फार खोल उतरते. त्या दिवशी खिंडीबाहेर जहाज उभे होते. फळ्यावर यंत्राचा आकडा वाचून एक होडी गेली आणि जहाजावरून तांदळाची पोती व माणसे घेऊन परत फिरली. खिंडीत तिचा तळ प्रवाळावर बसला व फळ्या उचकटल्या. माणसे छातीभर पाण्यातून चालत आली. एका आजारी म्हाताऱ्या बाईला खांद्यावर आणावे लागले. जीव गेला नाही. होडी गेली, आणि तिच्या मालकाचे मासेमारीचे पुढचे दिवस गेले.

मी त्याच आठवड्यात निकाल दिला. चौकशी केली नाही, कारण यंत्र निर्दोष असल्याचा शेरा फाइलीत होताच. पत्रात लिहिले की निरीक्षकाने वाचनात हयगय केली. सात नकला काढल्या. मल्लाप्पा अण्णा सीमेकडचे, घरी कानडी बोलणारे, पण टोमणा मारायला त्यांना मराठीच आवडे.

“वकीलसाहेब, सात नकला कुणाकुणाला?”

मी यादी वाचून दाखविली.

“माझ्या लेकीच्या लग्नाला एवढ्यांस्नी पत्रिका गेल्या न्हवत्या.”

“अण्णा, प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“त्या मास्तराचं तोंड तरी बघितलंय का तुमी?”

मी पाहिले नव्हते. दिवाळीच्या सुमारास यंत्राच्या वार्षिक तपासणीसाठी बेटावर गेलो, तेव्हा पाहिले. उंच, सडपातळ, पांढरी टोपी. पद गेले होते, तरी जेटीवर मला उतरवून घ्यायला तेच आले. आम्ही मोडक्या हिंदीत बोललो. ते येथे मराठीत देतो.

“आपणच ते पत्र लिहिणारे साहेब?”

“होय.”

“आपली भाषा फार चांगली आहे. मी शाळेत जाऊन वरच्या वर्गाला वाचून दाखवली.”

ही स्तुती होती की काय, ते मला आजही ठरविता आलेले नाही.

ओहोटी चालू होती. पायरीवर जुन्या काठीचे भोक होते. मास्तरांनी खिशातून दोरी काढून तेथून पाणी मोजले. मी यंत्र पाहिले. दोहोंत हातभर फरक निघाला. मी म्हणालो, “दोरी ओली होऊन ताणली असेल.” मास्तरांनी सदरा काढून घडी करून माझ्या हाती दिला आणि त्या वयात नळाला धरून पाण्यात उतरले. खाली बराच वेळ काही खरवडल्याचा आवाज आला.

मी लेखणीकडे पाहत होतो. ती अचानक हलली आणि कागदावरून सरळ खाली उतरू लागली. नळात कोंडलेले पाणी बाहेर पडत होते. ती थांबली तेव्हा यंत्राचा आणि दोरीचा आकडा एक झाला.

मास्तर वर आले. हातात माझी जाळी होती, म्हणजे ती जाळी आहे असे मानावे लागत होते. खडबडीत शिंपल्यांसारखे बारीक जीव तिच्यावर भाकरीच्या जाडीने बसले होते. एकही छिद्र मोकळे नव्हते. ओहोटीला पाणी नळातून निघूच शकत नव्हते, म्हणून आतली पातळी उतरत नव्हती आणि माझी रेघ गुळगुळीत येत होती.

मास्तरांनी सदरा परत मागितला. “साहेब, ही जाळी कशासाठी असते?”

“जलपर्णीसाठी,” मी म्हणालो.

त्यांनी समुद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. “ती कशी दिसते?”

कोल्हापुरास परतल्यावर अण्णांनी जाळी टेबलावर ठेवून घेतली. “‘सागरी जीवांमुळं बिघाड’ असं लिवा. त्या जीवांस्नी कोन नोटीस काढतंय?”

मी तसे लिहिले नाही. चूक आराखड्याची, आराखडा माझा, निरीक्षक निर्दोष व त्यांना पूर्ववत घ्यावे, असे स्वच्छ लिहिले. कांबळ्यांनी बेटावर पाठवायला तांब्याची जाळी करून दिली; ‘मी सांगितलेलं’ असे एकदाही म्हणाले नाहीत, हे मला अधिक लागले. येथवर माझे वर्तन सभ्य दिसते. पण त्या पत्राची नक्कल मी एकही काढली नाही. आरोप सात ठिकाणी गेला, कबुली एका ठिकाणी. कागद संपला होता असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. कागद होता. लाज वाटली.

कार्यालयाचे उत्तर एका ओळीचे: ‘आपले पत्र नोंदीस घेतले आहे.’ पद भरले गेले होते. उरलेल्या सहा कार्यालयांच्या फाइलींत कोया मास्तर आजही हयगय करणारे आहेत. त्यानंतर मी किती स्मरणपत्रे लिहिली, याची यादी माझ्याकडे आहे, उत्तरांची नाही. मास्तरांचे मात्र एक कार्ड आले: ‘आपले यंत्र आता बरोबर चालते. मी रोज काठीने ताडून पाहतो.’

व्यवसायातला धडा छोटा आहे. यंत्र आणि माणूस यांत वाद झाला, तर पत्र लिहिण्यापूर्वी दोघांच्या तळाशी जाऊन पाहावे.

आता मागणी. होडी फोडणारा आदेश कोणाच्या पत्रावरून निघाला, मास्तरांना विचारल्याशिवाय दूर कोणी केले, आणि चूक कबूल झाल्यावरही त्यांचे नाव का धुतले गेले नाही, याचे जाहीर उत्तर उक्त कार्यालयाच्या प्रमुखांनी द्यावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी वर दिले आहे. तेथे माझे नाव लिहिण्यास त्यांनी संकोच करू नये. उत्तर मला पाठवू नये, माझ्या घरी फाइली पुष्कळ आहेत. ते त्या जेटीवरच्या फळ्यावर खडूने लिहावे, पाण्याच्या आकड्याशेजारी, जेथे मास्तर आपल्या काठीचा आकडा लिहीत असत. तो फळा सारे बेट रोज वाचते.